समुद्राजवळचं घर, कॅलिफोर्निया आणि पर्यावरण तपासणीतून सूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीची आरती संपते, प्रसादाची वाटी हातात येते आणि कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "आमच्या हाफ मून बेच्या घराला मागे एक खोली काढायचीय. त्याला ते सीक्वा लागतं का हो?" घरांचे नकाशे आणि परवान्यांची कागदपत्रं करणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा प्रश्न मला टळत नाही. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही. कड्यावर घर असेल आणि शेजारी चिडलेला असेल, तर वकील जरूर गाठा.

१. सीक्वा म्हणजे काय? माझ्या घराच्या कामाशी त्याचा संबंध काय?

कॅलिफोर्निया एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी अ‍ॅक्ट, हा १९७० चा राज्याचा कायदा. एखाद्या कामाला मंजुरी देण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सरकारी यंत्रणेने तपासावं आणि लोकांसमोर मांडावं, एवढा त्याचा गाभा. धरणं, रस्ते अशा सरकारी कामांपुरताच हा कायदा आहे असं आधी अनेकांना वाटत होतं. १९७२ मध्ये मोनो काउंटीतल्या एका खासगी गृहप्रकल्पाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो समज मोडला. काम खासगी असलं तरी सरकारी परवाना लागत असेल, तर ते सीक्वात येतं.

लक्षात घ्या, कायद्याचं बंधन परवाना देणाऱ्या शहरावर किंवा काउंटीवर आहे. तुमचं काम सूट मिळण्यासारखं आहे का हे शहर ठरवतं. तुम्ही फक्त त्यांना तसं ठरवता येईल इतकी माहिती द्यायची.

२. मग प्रत्येक घराला तो जाडजूड अहवाल लागतो का?

नाही. बहुतेक घरं त्या वाटेला जातच नाहीत. अहवाल टळण्याचे मुख्य मार्ग दोन.

पहिला: परवाना देताना अधिकाऱ्याला स्वतःचं मत वापरायची मुभाच नसेल, म्हणजे नियमात बसलं की शिक्का मारणं भाग असेल, तर सीक्वा लागूच होत नाही. साधा बिल्डिंग परमिट सहसा या प्रकारात मोडतो. दुसरा: अधिकाऱ्याला मत वापरायचं असतं, पण काम इतक्या नेहमीच्या प्रकारचं असतं की राज्याने त्याला आधीच सरसकट सूट देऊन ठेवलेली असते. सीक्वाच्या मार्गदर्शक नियमांत कलम १५३०१ ते १५३३३ असे या सुटीचे ३३ वर्ग आहेत. घरमालकांना त्यातले पहिले तीन माहीत असले तरी पुरे.

३. फक्त स्वयंपाकघर आणि बाथरूम नवं करायचं आहे. भिंती आतल्या आतच हलणार आहेत.

मग निवांत राहा. आतल्या भिंती, नळ, वायरिंग ही कामं वर्ग १ मध्ये नावानिशी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी नुसता बिल्डिंग परमिट लागत असल्याने तिथवरही जावं लागत नाही. अपवाद एकच: आतलं काम करता करता निम्मं घर बदललं जात असेल, तर प्रश्न १० वाचा.

४. सीक्वाच्या हिशेबाने घर किती वाढवता येतं?

वर्ग १, म्हणजे कलम १५३०१ प्रमाणे, मूळ क्षेत्रफळाच्या ५० टक्के किंवा २,५०० चौरस फूट, यातलं जे कमी असेल तेवढं. १,८०० चौरस फुटांच्या घराला ९०० पर्यंत. पाणी, गटार अशा सगळ्या सार्वजनिक सोयी असलेल्या आणि पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक नसलेल्या भागात ही मर्यादा १०,००० चौरस फुटांपर्यंत जाते. पण समुद्राकाठी "इथे नाजूक काही नाही" असं लिहून द्यायला कोणताही प्लॅनर सहजासहजी तयार होत नाही.

जुनं पाडून तिथेच तेवढंच बांधायचं असेल तर वर्ग २. एक नवं घर, किंवा गॅरेज, पोहण्याचा तलाव, कुंपण अशी जोडबांधकामं असतील तर वर्ग ३.

हे आकडे ऐकून लोक खूश होतात आणि लगेच आर्किटेक्टला फोन लावतात. थोडं थांबा, पुढचा प्रश्न वाचा.

५. शहराने "सीक्वातून सूट" असं लिहून दिलं. आता काम सुरू करू ना?

सगळी गफलत होते ती इथेच. समुद्राजवळच्या घराला राज्याचे दोन वेगळे कायदे, सीक्वा आणि किनारा जपणारा कोस्टल अ‍ॅक्ट, दोन वेगळे प्रश्न विचारतात. सीक्वा विचारतो, "या कामाची पर्यावरण तपासणी करायला हवी का?" कोस्टल अ‍ॅक्ट विचारतो, "या कामाला किनाऱ्याचा परवाना हवा का?" एकाचं उत्तर "नाही" आलं म्हणून दुसऱ्याचंही "नाही" येत नाही. सीक्वात ५० टक्के वाढीला सूट आहे, तर कोस्टल अ‍ॅक्टमध्ये काही जागी १० टक्क्यांलाच घंटा वाजते.

त्यात गोंधळ वाढवायला नावंही सारखीच. सीक्वात "कॅटेगॉरिकल एक्झेम्प्शन" असतं, आणि कोस्टल अ‍ॅक्टमध्ये "कॅटेगॉरिकल एक्सक्लूजन" नावाची वेगळीच गोष्ट असते: कोस्टल कमिशनने, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या मंडळाने, एखाद्या ठरावीक भागातल्या ठरावीक कामांसाठी काढलेला आदेश. काउंटरवर बोलताना यातलं कोणतं म्हणताय ते नीट सांगा.

आणखी एक गंमत. किनाऱ्याचा परवाना कमिशन स्वतः देत असेल, तर सीक्वाचा वेगळा अहवाल लागत नाही. कमिशनची पद्धत राज्याने त्या अहवालाच्या तोडीची मानली आहे, त्यांच्या कर्मचाऱ्यांचा अहवालच ते काम करतो. शहराकडे किनाऱ्याचा मंजूर स्थानिक आराखडा असेल, त्याला इथे सगळे एलसीपी म्हणतात, आणि शहरच परवाना देत असेल, तर मात्र सीक्वाची सूट शहराला स्वतः नोंदवावी लागते. लॉस एंजेलिस शहराच्या काही भागांत पूर्ण मंजूर एलसीपी नाही, त्यामुळे तिथे दोन दरवाजे ठोठवावे लागू शकतात.

६. माझं घर "कोस्टल झोन"मध्ये आहे हे कसं कळणार? समुद्र दिसतसुद्धा नाही.

दिसण्या-न दिसण्यावर काही नसतं. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी प्रस्ताव २० मंजूर केला, त्यातून १९७६ चा कोस्टल अ‍ॅक्ट आला आणि नकाशे आखले गेले. भरतीच्या सरासरी रेषेपासून आत साधारण १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. दाट शहरी भागात त्याहून कमी. खाजण, वन्य अधिवास असं काही असेल तर पहिल्या मोठ्या डोंगररांगेपर्यंत किंवा ५ मैल, यातलं जे कमी असेल तिथवर. काही ठिकाणी रेषा रस्त्याच्या मधून जाते, आणि समोरासमोरच्या दोन घरांना दोन न्याय लागतात. शहराच्या प्लॅनिंग विभागाला पार्सल नंबर, म्हणजे तुमच्या जमिनीचा क्रमांक, देऊन विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

फॉस्टर सिटी, अलामेडा अशा ठिकाणच्या मंडळींसाठी: सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर कोस्टल कमिशनच्या अखत्यारीत येत नाही. तिथे १९६५ पासूनचं वेगळं मंडळ आहे, बीसीडीसी. काठापासून १०० फुटांचा पट्टा त्यांचा. या पानावरचे कोस्टल अ‍ॅक्टचे आकडे तिथे लावू नका. सीक्वाचे चालतील.

७. कोकणात आमच्या घराला सीआरझेड लागतं. हे तसंच का?

उद्देश सारखा, चाल वेगळी. सीआरझेड म्हणजे भारतातले किनारा नियमन क्षेत्राचे नियम. त्यांची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. तिथे आधी पट्टे आखले जातात आणि घर कोणत्या पट्ट्यात पडतं त्यावर बरंचसं ठरतं. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र ५० मीटर, नसेल तर २०० मीटर. त्या क्षेत्रातल्या अधिकृत जुन्या घराची डागडुजी किंवा पुनर्बांधणी करता येते, पण आहे त्या चटई निर्देशांकात आणि जोत्यातच.

कॅलिफोर्नियात पट्टे आहेतच, पण त्याखेरीज तुमच्या घराचा स्वतःचा इतिहास पाहतात: आधी किती वाढवलं, मूळ परवान्यात काय अट होती. देवगडच्या काकांचा अनुभव इथे कामाचा नाही, आणि इथला तिथे.

८. कोस्टल अ‍ॅक्टमध्ये राहत्या घराला सूट आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. कलम ३०६१० प्रमाणे सध्याच्या एककुटुंब घरातल्या सुधारणांना परवाना लागत नाही. घराला जोडलेलं बांधकाम, गॅरेज, कुंपण, अडगळीची शेड, बागकाम, हे सगळं "घरा"तच धरलं जातं. पण नियमावलीतलं कलम १३२५० या सुटीला कात्री लावतं. पुढच्यापैकी काही असेल तर परवाना लागतो.

घर किंवा वाढीव भाग पुळणीवर, दलदलीत, संवेदनशील अधिवासात, स्थानिक आराखड्यात अति निसर्गरम्य ठरवलेल्या भागात किंवा समुद्रकड्याच्या धारेपासून ५० फुटांच्या आत असेल. तिथे जमिनीचा आकार लक्षणीय बदलायचा असेल, झाडोरा काढण्यासकट. विहीर किंवा सेप्टिक टँक नवा किंवा मोठा करायचा असेल. पाण्याची तीव्र टंचाई जाहीर झालेल्या भागात पोहण्याचा तलाव हवा असेल. समुद्र आणि समुद्राला समांतर पहिला सार्वजनिक रस्ता यांच्या मधे, किंवा पुळणीच्या आतल्या कडेपासून ३०० फुटांत घर असेल आणि वाढ १० टक्क्यांची असेल (पुढचा प्रश्न). आणि मूळ परवान्यातच "पुढच्या प्रत्येक सुधारणेला परवाना" अशी अट असेल (प्रश्न १८).

संवेदनशील अधिवासाला इथले लोक लघुनामाने "ईशा" म्हणतात. एका मीटिंगमध्ये प्लॅनर म्हणाली, "तुमच्या मागच्या अंगणात ईशा आहे," आणि घरमालकीणबाई म्हणाल्या, "नाही, आमच्या मुलीचं नाव सई."

९. हे १० टक्के नेमके कसे मोजतात?

आतलं क्षेत्रफळ १,८०० चौरस फूट धरू. १० टक्के म्हणजे १८०. नियमाचे शब्द "१० टक्के किंवा जास्त" असे आहेत, म्हणजे बरोबर १८० ची खोलीही परवान्यात गेली. १७० ची खोली सुटते. उंचीसाठी मात्र "१० टक्क्यांहून जास्त" असं आहे. २० फुटांचं घर २२ पर्यंत चालतं.

खरी मेख पुढे आहे. एकदा या सुटीखाली वाढ झाली असेल, तर दुसऱ्या वेळी १० टक्क्यांहून कमी वाढीलाही परवाना लागतो. यंदा १७० आणि दोन वर्षांनी पुन्हा १७०, ही युक्ती चालत नाही. आणि आधीची वाढ तुम्हीच केलेली असली पाहिजे असंही नाही. १९९४ मध्ये आधीच्या मालकाने काढलेली सनरूम तुमचा वाटा खाऊन बसलेली असू शकते. म्हणून नकाशा काढण्याआधी शहराकडून घराच्या सगळ्या जुन्या परमिटची यादी मागवा. हा कागद फुकटात किंवा नाममात्र पैशात मिळतो, आणि त्याच्यावाचून काढलेले नकाशे बऱ्याचदा फुकट जातात.

याच पट्ट्यात सुटं गॅरेज, कुंपण, होडीचा धक्का असं कोणतंही लक्षणीय वेगळं बांधकाम केलं तरी परवाना लागतो, टक्केवारी कितीही असो. प्रश्न ८ मध्ये गॅरेज "घरा"त धरलं होतं ना? पट्टा बदलला की ते बाहेर पडतं.

१०. आम्ही वाढवत नाही, फक्त दुरुस्ती करतोय. सगळं कुजलंय, त्यामुळे बरंच बदलावं लागेल.

"बरंच" म्हणजे किती, त्यावर सगळं आहे. दुरुस्ती-देखभालीला कोस्टल अ‍ॅक्टमध्ये वेगळी सूट आहे. पण कलम १३२५२ सांगतं की घराचा ५० टक्के किंवा जास्त भाग बदलला, तर ती दुरुस्ती नव्हे, ते नवं घर. नवं घर म्हटलं की आजचे सगळे नियम आले: कड्यापासून आजचं अंतर, समुद्रपातळी वाढल्यावर काय होईल त्याचा विचार, सगळंच.

लोक इथे एक भिंत उभी ठेवतात. तुम्ही पाहिलं असेल, सगळं घर पाडलेलं असतं आणि मधे एकच जुनी भिंत लाकडी टेकूंवर उभी असते, बेवारस. शेजारी त्याला हसतात. पूर्वी काही ठिकाणी ते खपून जायचं. आता अनेक एलसीपींमध्ये छत, पाया, बाहेरच्या भिंती, तळमजल्याची चौकट असा प्रत्येक भाग वेगळा मोजतात, आणि कुठे कुठे बऱ्याच वर्षांतली कामं एकत्र बेरजेला धरतात. तुमच्या शहराची व्याख्या आधी लेखी घ्या.

आणि सर्वात वाईट प्रकार म्हणजे मधेच पारडं फिरणं. परमिट ४० टक्क्यांचा असतो. कंत्राटदार भिंत उघडतो, आत वाळवी आणि खारट हवेने खाल्लेले खिळे निघतात, तो म्हणतो, "साहेब, हीपण काढावी लागेल." आकडा ५५ वर जातो, इन्स्पेक्टर येतो, काम थांबतं. आगीतून फुफाट्यात. माझ्या एका ओळखीच्या कुटुंबाने असं उघडं घर ताडपत्रीखाली पूर्ण हिवाळाभर ठेवलं. म्हणून काम सुरू होण्याआधीच निदान काही ठिकाणी भिंत उघडून आतलं लाकूड पाहून घ्या, आणि आकडा ५० च्या काठावर असेल तर सरळ नव्या घराचा अर्ज करा.

सीक्वात दुरुस्तीचा नियम वेगळा आहे. तो वर्ग १ मध्येच येतो, पण भूकंप, दरड किंवा पूर अशा कारणाने मोठं नुकसान झालं असेल, तर नाही.

११. कड्याची धार कुठे संपते? माझ्या मागे तर हळूहळू उतार आहे.

उतार गोलसर झिजलेला असेल तर धार म्हणजे जिथून पुढे उतार जवळपास सलग तीव्र होत जातो, तो बिंदू. तुम्हाला कुंपणापाशी वाटतो, भूशास्त्रज्ञाला बऱ्याचदा त्याच्या वीस फूट आत सापडतो. ५० फुटांचं मोजमाप तिथून होतं, कुंपणापासून नाही. भूशास्त्रज्ञाचा अहवाल महाग पडतो, पण तो आर्किटेक्टच्या आधी घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

१२. आईबाबा सहा महिने येतात. मागे त्यांच्यासाठी वेगळं छोटं घर बांधायचं आहे. त्याला तर राज्याने सगळं सोपं केलंय ना?

गृहनिर्माण कायद्याच्या बाजूने, हो. असं आवारातलं दुसरं छोटं घर, इथल्या भाषेत एडीयू, नियमात बसलं की शहराला मंजूर करावंच लागतं, त्यामुळे प्रश्न २ मधल्या पहिल्या कारणाने सीक्वा लागत नाही. पण त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कोस्टल अ‍ॅक्ट जसाच्या तसा लागू राहील. शहराने जाहीर सुनावणी घ्यायची गरज नाही, ही एक सवलत. आणि प्रश्न ८ मधली "सुधारणा" ही सूट इथे नाही: पाहुण्यांचं घर किंवा स्वतंत्र स्वयंपाकघर असलेलं निवासस्थान त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलं आहे. मुख्य घराला चिकटवून, आतून दार ठेवून एक खोली काढली तर गणित बदलतं. आईबाबांना स्वतःचा ओटा हवा आहे की नुसती खोली, हे आधी त्यांनाच विचारा.

१३. सूट मिळालेली असली तरी ती काढून घेता येते का?

सीक्वाची, हो. कलम १५३००.२ मध्ये सूट न लागण्याची कारणं आहेत. वर्ग ३ नाजूक जागी लागू होत नाही, पण हे जागेचं कारण वर्ग १ आणि २ ला लावता येत नाही. म्हणून शक्य तिथे अर्ज वर्ग १ खाली बसवणं शहाणपणाचं. बाकीची कारणं सर्वांना: एकाच जागी एकामागून एक अशीच कामं होऊन परिणाम साचत असतील, राज्याच्या निसर्गरम्य महामार्गावरून दिसणाऱ्या दृश्याची हानी होत असेल, जागा विषारी कचऱ्याच्या सरकारी यादीत असेल, वारसा वास्तूला धक्का लागत असेल, किंवा "असाधारण परिस्थिती" असेल.

या शेवटच्या शब्दांवर वर्षानुवर्षं भांडणं झाली. बर्कलीच्या टेकडीवर सुमारे ६,५०० चौरस फुटांचं घर आणि दहा गाड्यांचं गॅरेज, असा एक प्रकल्प होता. समुद्रकाठचा नव्हे, पण निकाल सगळ्यांना लागू. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, नुसता परिणाम होईल असं दाखवून भागणार नाही, आधी परिस्थिती असाधारण आहे हे दाखवा. घरमालकांना त्यामुळे बराच दिलासा मिळाला.

आणखी एक सापळा. "आम्ही ओढ्याकाठी झाडं लावू, मासे जपू, पण सूट द्या," असं म्हणता येत नाही. मरीन काउंटीत ओढ्याकाठच्या एका घराला अशीच अटींसह सूट दिली होती. २००४ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. उपाय करावे लागतात याचाच अर्थ परिणाम आहे, मग सूट कसली? अर्जात हौसेने लिहिलेली पर्यावरणप्रेमी वाक्यं अशी अंगाशी येतात. रचनेतच ओढ्यापासून दूर राहा, म्हणजे उपायांची भाषा लागत नाही.

१४. घर १९२८ चं आहे. जुनं असल्याने काही अडचण?

साधारण ५० वर्षांवरचं घर असलं की शहर वारसामूल्य तपासायला सांगू शकतं. तसं मूल्य निघालं आणि काम त्याला बाधा आणणारं असलं, तर प्रश्न १३ प्रमाणे सूट गेली. उलट, वारसा जपून, केंद्र सरकारच्या ठरलेल्या मानकांप्रमाणे दुरुस्ती केली, तर त्यासाठी स्वतंत्र वर्ग ३१ आहे. खिडक्या बदलण्याआधी विचारा. अडतं ते बहुतेक खिडक्यांपाशीच.

१५. शेजारी कोर्टात जाईन म्हणतोय. किती दिवस धास्ती बाळगायची?

शहराने काउंटी क्लार्ककडे "नोटिस ऑफ एक्झेम्प्शन" दाखल केली तर ३५ दिवस. नाही केली तर १८० दिवस. ही नोटिस दाखल करणं सक्तीचं नाही, त्यामुळे शहर विसरतं. तुम्ही विसरू नका, मंजुरीच्या दिवशीच मागे लागा.

किनाऱ्याच्या परवान्याचं घड्याळ वेगळं. घर समुद्र आणि पहिल्या रस्त्याच्या मधे, पुळणीपासून ३०० फुटांत, किंवा दलदल अथवा ओढ्यापासून १०० फुटांत असेल, तर शहराने दिलेल्या परवान्यावर कमिशनकडे अपील होऊ शकतं. कमिशनला शहराची सूचना मिळाल्यापासून कामाचे १० दिवस. अपील शेजाऱ्यानेच केलं पाहिजे असं नाही, कमिशनचे कोणतेही दोन सदस्य करू शकतात.

१६. परवाना लागतोय, पण काम अगदीच किरकोळ आहे. काही मधला मार्ग?

आहे, वेव्हर. कर्मचारी काम किरकोळ आहे असं ठरवतात आणि कमिशनच्या पुढच्या बैठकीत ते कळवतात. एक तृतीयांश सदस्यांनी हरकत घेतली नाही तर परवाना माफ. बैठकीआधी एक कुदळही मारू नका.

१७. वणव्यात किंवा वादळात घर गेलं तर?

तिथे कायदा मऊ आहे. मालकाच्या हाताबाहेरच्या आपत्तीत घर नष्ट झालं, तर त्याच जागी, त्याच वापरासाठी, क्षेत्रफळ, उंची आणि घनफळ १० टक्क्यांहून जास्त न वाढवता, सध्याच्या झोनिंगमध्ये बसवून परत बांधायला कोस्टल परवाना लागत नाही. प्रश्न १० मधला ५० टक्क्यांचा नियमही नैसर्गिक आपत्तीला लागू नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पॅलिसेड्सची आग लागली, त्यानंतर राज्यपालांनी १२ जानेवारीच्या आदेशाने जळालेल्या घरांच्या पुनर्बांधणीसाठी सीक्वा आणि कोस्टल अ‍ॅक्टच्या अटी स्थगित केल्या. मर्यादा मूळच्या ११० टक्के.

कडा ढासळून घर धोक्यात आलं तर तातडीचा परवाना मिळतो. पण तो तात्पुरता असतो. मागाहून नेहमीचा परवाना काढावाच लागतो, आणि तातडीने टाकलेले दगड काढून टाका असंही सांगितलं जाऊ शकतं.

१८. घर घेताना कागद नीट पाहिले नाहीत. आता कळतंय की मागचा डेक विनापरवाना आहे, आणि जुन्या परवान्यात कसल्या तरी अटी आहेत.

दोन्ही तुमच्याकडे वारसाहक्काने आले. विनापरवाना डेक "सध्याचं बांधकाम" धरत नाहीत, त्यामुळे त्याचं क्षेत्रफळ मूळ आकड्यात मिळवून १० टक्के काढू नका. नियमभंगाचा दिवाणी दंड ५०० पासून ३०,००० डॉलरपर्यंत, आणि जाणूनबुजून केलं असेल तर वर दिवसाला १,००० ते १५,००० डॉलर. स्वतःहून जाऊन नियमित करून घेणं परवडतं.

अटींचं म्हणाल तर, १९७३ च्या फेब्रुवारीपासून किनाऱ्यावर परवाने सुरू झाले. त्यानंतर बांधलेल्या घराचा कोस्टल परवाना शोधा, त्याच्या "विशेष अटी" वाचा, आणि काउंटी रेकॉर्डरकडे मालमत्तेवर काय नोंदलंय ते पाहा. "भविष्यात संरक्षक भिंत मागणार नाही" ही नेहमीची अट. एन्सिनिटासच्या दोन कुटुंबांना २०१० च्या वादळांनंतर नवी सागरभिंत बांधायला परवाना मिळाला, पण २० वर्षांच्या मुदतीचा. त्यांनी कोर्टात आव्हान दिलं आणि दरम्यान भिंत बांधूनही टाकली. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परवान्याचा फायदा घेतलात, आता अटीवर भांडता येणार नाही.

उलट उदाहरणही आहे. व्हेंचुरा काउंटीत ५०४ चौरस फुटांच्या बंगलीच्या जागी मोठं घर बांधायला परवानगी देताना कमिशनने घरापुढच्या पुळणीवरून लोकांना जायला वाट द्या म्हटलं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती अट मोडीत काढली, कारण अटीचा घराच्या परिणामांशी सांधा जुळत नव्हता. भरतीच्या सरासरी रेषेखालची ओली वाळू मात्र तेव्हाही जनतेची होती, आजही आहे. तिथे कुणी चटई टाकून बसलं तर त्यांना उठवू नका.